मिनिटाला बाराशे खिळे

हिंदुस्थानात पेटंटासाठी पहिला अर्ज आला, तो पंखा ओढण्याच्या यंत्राचा. साल १८५६, महिना मार्च, अर्जदार कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग. तेव्हा साहेबाच्या डोक्यावर झालरीचा पंखा टांगलेला असे आणि पंखेवाला व्हरांड्यात बसून त्याची दोरी ओढत राही. भर दुपारी पंखेवाल्याचा डोळा लागला की आत साहेबाला घाम फुटे. डिपेनिंग यांचे यंत्र हा त्यावरचा उतारा होता. ज्या कायद्याखाली हा अर्ज आला, तो राणीची आगाऊ संमती न घेता केलेला निघाल्यामुळे वर्षभरातच रद्द झाला आणि १८५९ साली नव्याने करावा लागला. पुढे १८८८ आणि १९११ साली आणखी कायदे आले. अर्जदारांच्या रांगेत भर असे ती गोऱ्यांचीच.

या रांगेत मराठी माणूस शोधू लागलो की एक नाव ठळकपणे पुढे येते. शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. मृत्यू न्यूयॉर्कमध्ये, ७ एप्रिल १९३५. शोध दोनशेच्या घरात आणि पेटंटे चाळीसेक, असा हिशेब त्यांच्या नावावर सांगितला जातो. अमेरिकेत त्यांना ‘हिंदुस्थानचे एडिसन’ म्हणत. आपल्याकडे मात्र १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याची तळपद्यांची आख्यायिका जेवढ्या घरांत ठाऊक आहे, त्याच्या दशांश घरांतही भिसे ठाऊक नाहीत. विमानाच्या गोष्टीला त्या वेळचा भरवशाचा पुरावा नाही. भिसे यांची यंत्रे आकृत्यांसह पेटंट दप्तरांत नोंदलेली आहेत. पण आख्यायिका रंगवून सांगता येते. आकृतीचे तसे नाही, ती समजून घ्यावी लागते.

भिसे यांनी यंत्रविद्या कोणत्या कॉलेजात घेतली, या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे आहे. जे शिकले ते ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकावरून, असे ते स्वतःच सांगत. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस काढायचे उपकरण केले. ऐन पंचविशीत मुंबईत एक सायंटिफिक क्लब काढला आणि सामान्य वाचकाला विज्ञान-कलांची ओळख व्हावी म्हणून ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालवले. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत पुढचे स्टेशन कोणते ते दाखवणारे यंत्रही त्यांनी योजले होते. आज लोकलच्या डब्यात ‘पुढील स्टेशन’ची घोषणा ऐकताना हे कुणाला आठवण्याचे कारण नाही, पण ही गरज त्यांना शतकापूर्वीच जाणवली होती. एक वस्तू बघता बघता दुसरी होऊन जाते, असे दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करत आणि त्यांचा बोलबाला मँचेस्टरपर्यंत गेला होता.

दैव उघडले ते एका स्पर्धेमुळे. एकोणिसावे शतक सरता सरता, शोधकांसाठीच निघणाऱ्या एका लंडनच्या नियतकालिकाने आव्हान दिले की किराणा माल आपोआप वजन करून देणारे यंत्र करा. ऐकायला किरकोळ वाटते. पण वाण्याच्या दुकानात साखर तागडीत पडताना बघितली असेल, तर मेख कुठे आहे ते कळेल. काटा समतोलावर येतो त्या क्षणी एक धार अजून हवेत असते, आणि ती खाली पडली की वजन जास्त भरते. माणूस अंदाजाने आधीच हात आखडता घेतो, मुठीने चार दाणे वर टाकतो किंवा काढतो. हा हाताचा अंदाज लोखंडाला शिकवायचा होता. इंग्लंडातल्या स्पर्धकांना मागे टाकून भिसे यांनी बक्षीस मिळवले, आणि मुंबईच्या मातब्बर मंडळींनी त्यांना विलायतेला पाठवायचे ठरवले. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांना द्यायला ओळखपत्र लिहून दिले.

दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेला कशी वाहून जाते याचा आकड्यांनिशी हिशेब मांडणारा हा माणूस एका तरुण कारागीर-शोधकावर पदरचे पैसे लावतो, त्याच्याशी रीतसर करारनामा करतो, हे मला त्यांच्या कितीतरी भाषणांपेक्षा बोलके वाटते. संपत्ती बाहेर जाते हे सिद्ध करून ते थांबले नाहीत. ती इथल्या बुद्धीतून निर्माण कशी होईल, याचाही एक प्रयोग त्यांनी करून पाहिला.

त्या वेळचे विलायती पेटंट ही काय चीज होती, तेही बघायला हवे. १८८३च्या कायद्याने सुरुवातीचा खर्च चार पौंडांवर आणला होता. तात्पुरत्या अर्जाला एक पौंड, पूर्ण वर्णनाला तीन. मुदत चौदा वर्षांची. पण चार वर्षे झाली की ते जिवंत ठेवायला दरसाल चढते शुल्क भरावे लागे, आणि यंत्र विकले गेले नसेल तर ते शुल्क खिशातूनच जाई. शिवाय १९०५ पर्यंत तुमची कल्पना खरोखर नवी आहे की नाही, हे सरकार तपासतच नसे. चार पौंड टाका, कागद घ्या, पुढे भांडण झाले तर कोर्टात निस्तरा, असा मामला. त्यामुळे नुसत्या पेटंटांच्या संख्येवरून कुणाची थोरवी मोजू नये. पेटंट घेणे हा शोधाच्या सगळ्या उद्योगातला सर्वांत स्वस्त भाग होता.

भिसे यांनी लंडनमध्ये धडाका लावला. विजेवर चालणारी, मजकूर बदलत राहणारी जाहिरातीची पाटी केली, ती क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. स्वयंपाकघरातली साधने, डोकेदुखीवरचे उपकरण, आपोआप पाणी सोडणारा संडास, काय वाटेल ते. यातले काही चालले, बरेचसे नाही. ते सगळे बाजूला ठेवून एकाच यंत्रापाशी थांबू, कारण त्यांच्या आयुष्याची उत्तम वर्षे त्यानेच खाल्ली. ते यंत्र म्हणजे ‘भिसोटाइप’, छपाईचे खिळे ओतणारे.

खिळा कसा तयार होतो? आधी पोलादाच्या दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात, तो पंच. तो तांब्यात ठोकला की तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. हा ठसा साच्याच्या तळाशी बसवायचा आणि वरून शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. जुन्या काळी ओतारी साचा डाव्या हातात धरी, उजव्या हाताने पळीभर रस ओती आणि त्याच क्षणी साच्याला वर एक झटका देई. झटका कमी पडला की अक्षराची बारीक टोके भरत नसत. असा एक माणूस दिवसाकाठी चार हजारांच्या आसपास खिळे काढी. नुसते शिसे वापरून भागत नाही; ते मऊ, दाबाखाली चेपते. अँटिमनीने कणखरपणा येतो, कथलाने रस सहज वाहतो. आणि प्रत्येक खिळ्याची उंची तंतोतंत एक हवी, अमेरिकी मापात ०.९१८ इंच. एखादा उंच निघाला तर कागद फाडेल, बुटका निघाला तर उमटणारच नाही.

१८३८ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड ब्रूस यांनी पळीच्या जागी पंप आणला, झटक्याच्या जागी यंत्राची हालचाल आणली, आणि वेग कितीतरी पटींनी वाढला. पण एक अडसर कुणाला ओलांडता येईना. रस साच्यात थिजायला ठरावीक वेळ लागतोच. यंत्र कितीही पळवले तरी शिशाला घाई नसते. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे एकाच वेळी अनेक साचे चालवणे. भिसे यांनी तोच धरला. मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे ही एका साच्याच्या यंत्राची मजल असताना आपल्या यंत्रातून मिनिटाला बाराशे निघतील, असा त्यांचा दावा होता. लंडनच्या जुन्या नावाजलेल्या कॅस्लॉन फाउंड्रीतल्या जाणकारांचा विश्वास बसेना. मग १९०८ साली त्यांनी यंत्र करूनच दाखवले.

इथे मला भिसे यांच्या चाहत्यांपेक्षा थोडे वेगळे म्हणायचे आहे. बाराशेचा आकडा ऐकून आपण थक्क होतो, पण लंडनमध्ये तो अगदी अनोळखी नव्हता. फ्रेडरिक विक्स नावाच्या गृहस्थांचे चाकावर शंभर साचे बसवलेले यंत्र तासाला साठ हजार, म्हणजे मिनिटाला हजार खिळे ओतत होते आणि ‘टाइम्स’चा छापखाना त्यावर चालत होता. वापरलेले खिळे पुन्हा खणांत लावत बसण्यापेक्षा वितळवून रोज नवे ओतणे त्यांना परवडे. तरीही, जवळपास ज्या वर्षी भिसे यांचे यंत्र उभे राहिले त्याच सुमारास, ‘टाइम्स’ने विक्सचे यंत्र सोडून मोनोटाइप घेतले. कारण उघड आहे. विक्स काय किंवा भिसे काय, खिळे झपाट्याने ओतून देत. ते जुळवायचे कुणी? १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये बसलेले मर्गेनथालरचे लायनोटाइप कळा दाबताच अख्खी ओळच ओतून देई. लॅन्स्टनचे मोनोटाइप सुटी अक्षरे ओते, पण ओळीत जुळवलेली. खर्चाचा मोठा वाटा ओतण्यात नव्हता, जुळाऱ्याच्या मजुरीत होता, आणि ती वाचवणाऱ्या यंत्रांनी बाजार काबीज केला होता. भिसे यांनी उत्तर अचूक काढले, पण तोवर गिऱ्हाईक दुसराच प्रश्न विचारू लागले होते.

त्यात भांडवलाची बोंब. दादाभाईंनी आपले मित्र, ब्रिटिश समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांना या कामात ओढले. भांडवलशाहीवर आग ओकणारा माणूस भांडवल जमवायला निघाला! त्यांनी मोठ्या रकमेचे आश्वासन दिले, आणि ते आश्वासनच राहिले. १९०७ साली बाजारात मंदीचा तडाखा बसला, त्याच वर्षी दादाभाई प्रकृतीमुळे कायमचे वर्सोव्याला परतले. १९०८च्या अखेरीस भिसे यांनीही गाशा गुंडाळून मुंबईची बोट पकडली. त्या बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी त्यांना जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे धाडले. हे रतन टाटा मोठे दिलदार गृहस्थ. दक्षिण आफ्रिकेत गांधींच्या लढ्याला आणि पाटलीपुत्राच्या उत्खननाला त्यांनीच पैसा पुरवला. टाटा-भिसे सिंडिकेट निघाले, भिसे पुन्हा लंडनला गेले, यंत्रात सुधारणा होत राहिल्या. पण विक्री होईना. १९१५ साली टाटांनी हात काढून घेतला.

महायुद्ध चालू असतानाच भिसे अमेरिकेला गेले. तिथे सुट्या खिळ्यांच्या यंत्रासाठी कंपनी निघाली, आयोडीनचे एक औषध आधी ‘बेस्लिन’ आणि मग ‘ॲटोमिडिन’ या नावाने बाजारात आले. ओतकामात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला पैसा मिळाला तो मुख्यतः औषधाने. पुढे परलोकाशी संवाद साधणाऱ्या टाइपरायटरचीही खटपट त्यांनी केली. त्या काळी असल्या गोष्टींचे वेड अमेरिकेत भल्याभल्यांना होते, एडिसनही त्याला अपवाद नव्हते. १९३०च्या डिसेंबरात भिसे त्या खऱ्या एडिसनना भेटले.

‘हिंदुस्थानचे एडिसन’ ही पदवी कौतुकाची असली तरी तिने भिसे यांच्यावर अन्यायच केला, असे मला वाटते. एडिसन यांच्या नावावर १,०९३ अमेरिकी पेटंटे आहेत, पण त्यांची खरी करामत म्हणजे आधी मेन्लो पार्कची आणि मग वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळा. काचकामगार, रसायनवाले, नकाशे काढणारे, वकील आणि मागे उभे असलेले बँकवाले असा सगळा बारदाना तिथे होता. भिसे यांच्यामागे आधी एका वृद्ध देशभक्ताचे चेकबुक होते आणि मग काही वर्षे टाटांचे. दोघांची तुलना बुद्धीवर करायची तर साधनेही समान धरावी लागतील.

तुलनाच करायची तर लक्ष्मणराव किर्लोस्करांशी करावी. भिसे यांच्याहून दोन वर्षांनी लहान. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून ते बेळगावात सायकली विकू लागले, मग कडबा कापायचे यंत्र केले, १९०३ साली लोखंडी नांगर. नांगर ही काही त्यांची नवी कल्पना नव्हती. विलायती नांगर समोर होतेच. अडचण शेतकऱ्याची होती. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी त्याची समजूत. पहिली काही वर्षे नांगर पडून राहिले. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याचे ऐकत, फाळ मोडला तर बदलून देत, ती समजूत झिजवली. १९१० साली औंधकरांच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफाही भट्टीत गेल्या. नवेपणात भिसे कितीतरी पुढे. पण लक्ष्मणरावांची ओतशाळा आणि त्यांचे गिऱ्हाईक यांच्यात एका बैलगाडीचे अंतर होते. भिसे यांचे गिऱ्हाईक लंडनमध्ये, वृत्तपत्रांच्या फ्लीट स्ट्रीटवर, आणि ते स्वतः तिथे कायमचे पाहुणे.

एक गोष्ट मला राहून राहून विचित्र वाटते. भिसे यांचे सगळे गणित रोमन अक्षरांचे होते. त्याच काळात मुंबईत, जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत देवनागरीचे सुरेख खिळे ओतले जात होते आणि हाताने जुळवले जात होते. तिथल्या जुळाऱ्यापुढे खणांची संख्या शेकड्यांत असे. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, वर बसणाऱ्या मात्रा, खाली लोंबणारे उकार. लायनोटाइपच्या कळा होत्या नव्वद. एवढ्यात इंग्रजी ऐसपैस बसते, देवनागरी नाही. म्हणजे जुळवणी आणि ओतकाम एक करणाऱ्या ज्या यंत्रांनी भिसे यांचा बाजार संपवला, ती यंत्रे मराठीच्या दारात अडकून पडली होती. सुटे खिळे स्वस्तात आणि भरपूर ओतून देणाऱ्या यंत्राला इथे अजून जागा होती.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्येच हरि गोविंद गोविल यांनी लायनोटाइपवर देवनागरी बसवली. ती बसवताना जोडाक्षरांना बरीच कात्री लावावी लागली आणि छापलेली ओळ वाचताना डोळ्यांना खटके. भिसे तेव्हा त्याच शहरात राहत होते. मराठी छापखान्यांतले बहुतेक काम पुढची कित्येक दशके, थेट ऑफसेट येईपर्यंत, खिळे वेचणाऱ्या हातांनीच होत राहिले.