नव्या भाताची दिवाळी

मालगुंडला बहुतेक माणसं दोन कारणांनी येतात. गणपतीपुळ्याचं दर्शन झालं की हाकेच्या अंतरावरचा इथला समुद्र बघायला, किंवा केशवसुतांचं घर बघायला. केशवसुत 1866 साली या गावात जन्मले आणि 8 मे 1994 रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्यांच्या स्मारकाचं उद्घाटन झालं. स्मारक पाहून माणसं परततात. आश्विनात आलेल्यांनी मात्र तसं लगेच परतू नये. वाड्यांमधल्या वाटांनी थोडं हिंडावं. परतीचा पाऊस अजून संध्याकाळी एखादी सर टाकून जातो, दुपारचं ऊन अंगाला चटके देतं आणि खाचरांतलं हळवं भात पिवळं होऊन वाकलेलं असतं. गरवं भात अजून हिरवं असतं, त्याला दिवाळी उजाडेल. इथल्या सणाचं सारं वेळापत्रक या दोन भातांच्या मधल्या दिवसांत बसतं. दसऱ्याच्या तोरणापासून दिवाळीच्या पोह्यांपर्यंत घरात जे जे हातांनी घडतं, त्याचा कच्चा माल आधी शेतात पिकतो.

सुरुवात होते ‘नवं’ बांधण्यापासून. काही घरांत ते दसऱ्याला बांधतात, काहींत कोजागिरीला; म्हणून कोजागिरीला इथे नव्याची पौर्णिमा म्हणतात. सकाळी मुलांना बांधावर पिटाळतात. भाताच्या भरलेल्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुठे वरी असेल तर तिचंही, कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, आंब्याची पानं, झेंडू. कुरडू कुणी लावत नाही, तो आपोआप उगवतो. पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते आणि आश्विनात त्याच झाडाचा तुरा दारावर चढतो.

ओटीवर बसून मी हे बांधणं पाहिलं आहे आणि बांधलंही आहे. आंब्याचं एक मोठं पान घ्यायचं, त्यावर दोन-तीन लोंब्या, नाचणीचं कणीस आणि कुरडूचा तुरा अशी जुडी ठेवायची, देठाकडून पान गुंडाळायचं आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्याने दोन वेढे देऊन गाठ मारायची. सोप आधी पाण्यात भिजवलेला असला की तुटत नाही आणि वाळताना गाठ आणखी घट्ट होते. लोंब्या खाली लोंबल्या पाहिजेत आणि तुरा वर दिसला पाहिजे, एवढाच नियम. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं. एक नवं दाराला, एक देवघराला, एक तुळशीला, एक तांदळाच्या डब्याला, एक विहिरीच्या रहाटाला. हल्ली एक मोटारसायकललाही लागतं आणि मला ते योग्य वाटतं. ज्याच्या बळावर घर चालतं, त्याला पहिलं धान्य दाखवायचं, हा त्यातला भाव आहे. त्या दिवशी नव्या तांदळाची खीर होते. ताज्या तांदळात ओल जास्त असते, त्यामुळे भात जरा चिकट होतो. पण खिरीला तोच चिकटपणा हवा असतो.

मग येतात पोहे. कोकणात दिवाळीच्या पहिल्या दिवशी फराळाच्या ताटात चकली-लाडवांच्या आधी पोह्यांचा मान असतो, आणि तेही नव्या भाताच्या पोह्यांचा. आता बहुतेकजण भात गिरणीत देतात किंवा सरळ दुकानातून पुडा आणतात. तरी काही घरांच्या पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी व्हाईन, म्हणजे उखळ, अजून शाबूत आहे आणि दिवाळीच्या आधी ते धुऊन-पुसून वापरात येतं. तिथलं काम मुद्दाम बघण्यासारखं आहे.

भात गरम पाण्यात रात्रभर भिजवतात. सकाळी टोपलीत उपसून पाणी निथळू देतात. चुलीवर कढई किंवा मातीचं खापर चांगलं तापवून त्यात ओंजळभर भात टाकतात आणि हलवत राहतात. आधी वाफ येते, मग खमंग वास सुटतो, मग एखाददुसरी लाही फुटते. ती फुटली की क्षणाचाही उशीर न करता भात व्हायनात ओततात आणि मुसळं पडू लागतात. दोघीजणी समोरासमोर उभ्या असतात. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. बाजूला बसलेली तिसरी दोन घावांच्या मधल्या वेळात हात घालून भात वरखाली करते. “गरम आहे तोवरच हाणा, थंड झालं की कण्या पडतील,” हे आजी दर घाण्याला सांगते. तिच्या बोलण्यामागे साधं कारण आहे. भिजून तापलेल्या दाण्यातलं पिष्ट मऊ झालेलं असतं, म्हणून घाव बसला की दाणा चपटा होतो. निवला की तो कडक होतो आणि फुटतो. पोहे नुसते भिजवून खाता येतात तेही याचमुळे: ते कांडण्याआधीच अर्धेअधिक शिजलेले असतात.

कांडून झालं की सुपात पाखडणं. तूस उडून पुढे पडतं, कोंडा चाळणीखाली जातो आणि सुपात उरतात जाड, किंचित तांबूस, कडेला वेडेवाकडे पोहे. दुकानातल्या पोह्यांसारखे ते एकसारखे नसतात. गरम पोह्यांवर ओलं खोबरं आणि गूळ घालून पहिली मूठ पोरांच्या हातावर पडते. सुपाला हात लावायला मिळण्यासाठी मुलांची जी झुंबड उडते, तिच्यात या कामाचं खरं यश आहे. पाखडलेलं तूसही वाया जात नाही. ते जाळलं की पांढरी राख राहते आणि जुन्या घरांतून तीच रांगोळी म्हणून अंगणात उतरते.

दिवाळीच्या सकाळी या पोह्यांचे किती प्रकार व्हावेत! दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे, फोडणीचे, दडपे आणि कोळाचे. मुलांना पहिलं काम द्यायचं असेल तर दडपे पोह्यांचं द्यावं, कारण फोडणी सोडली तर त्यात विस्तव नाही. पातळ पोहे, भरपूर ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, काकडी, मीठ, साखर, लिंबू. वर नारळाच्या पाण्याचा हबका. हाताने हलकेच कालवायचं, ताटली झाकून वर वजन ठेवायचं आणि पाव तास विसरून जायचं. तेवढ्यात खोबऱ्याचा आणि काकडीचा रस पोह्यांत उतरतो. शेवटी मोठ्यांनी मिरचीची फोडणी घालावी. कोळाच्या पोह्यांना जाड पोहे हवेत. नारळाच्या दुधात चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून, तुपात जिरं, हिंग आणि मिरचीची फोडणी द्यायची. धुऊन ठेवलेल्या पोह्यांवर हा रस अगदी जेवायच्या वेळी ओतायचा. आधी ओतला तर पोह्यांचा लगदा होतो.

पोह्यांच्या जोडीला मालगुंडात याच दिवसांत मिळतो तो परड्यातला लाल भोपळा. पावसाळ्यात मांडवावर किंवा गोठ्याच्या छपरावर चढवलेल्या वेलाचं हे फळ दसऱ्यापर्यंत पिकतं. इथे भोपळा म्हटला की घारगे. दोन वाट्या कीस आणि एक वाटी गूळ मंद आचेवर शिजवायचा, कीस मऊ झाला की उतरवायचा, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालायचं. मग त्यात मावेल तेवढं तांदळाचं पीठ आणि थोडी कणीक. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, भोपळ्याचं पाणी पुरतं. केळीच्या पानावर तेलाच्या हाताने थापून मध्यम आचेवर तळायचे. आच मोठी झाली तर गुळामुळे वरून काळे आणि आत कच्चे राहतात. थापण्याचं काम मुलांचं, तळण्याचं मोठ्यांचं. घारगे दोन-तीन दिवस चांगले टिकतात, म्हणून मुंबईच्या गाडीत बसणाऱ्याच्या पिशवीत ते हटकून असतात.

हाच भोपळा आता जगभर दुसऱ्या कारणासाठी ओळखला जातो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत 31 ऑक्टोबरच्या सुमाराला मुलं तो पोखरून, डोळे-दात कोरून, आत दिवा ठेवून हॅलोवीन साजरा करतात. त्या सणाचं मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक लोकांच्या सुगी संपतानाच्या उत्सवात आहे. तिथे पूर्वी सलगम कोरत असत. आयरिश माणसं अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडलं. भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. आपल्या परड्यातही तो तिकडूनच आला. 2024 साली तर आपली नरक चतुर्दशी बरोबर 31 ऑक्टोबरला होती. तिकडे मुलं भोपळ्याला राक्षसाचं तोंड देत होती, त्याच दिवशी कोकणातली मुलं पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडत होती. कारीट म्हणजे बांधावर आपोआप येणारं, लिंबाएवढं, कडूजहर फळ. ते नरकासुराचं रूप. आणि कारीट काय, भोपळा काय, दोन्ही एकाच कुळातली फळं. सुगी हाती येत असताना, रात्र मोठी होत असताना, वाईटाला एक चेहरा द्यायचा आणि घरातल्या लहानांच्या हातापायाने त्याचा बंदोबस्त करायचा, ही गरज दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना वाटली. परदेशातल्या आईबापांनी भोपळा कोरताना निघालेला गर फेकून देऊ नये. खाण्याच्या जातीचा भोपळा असेल तर त्याचे घारगे करावेत. एका फळात दोन सण होतात.

आता आकाशकंदील. बाजारात प्लास्टिकचे ढिगाने मिळतात, पण परड्यात बांबू असलेल्या गावात ते विकत आणणं मला पटत नाही. सगळ्यात सोपा चौकटींचा कंदील. वीतभर लांबीच्या चोवीस कामट्या कोयत्याने मोठ्यांनी काढून द्याव्यात, मुलांनी त्या काचेच्या तुकड्याऐवजी सँडपेपरने घासाव्यात. चार-चार कामट्यांच्या सहा चौकटी बांधायच्या. त्यातल्या चार चौकटी कोपऱ्यावर उभ्या करून, शेजारच्या कोपऱ्याला कोपरा बांधत त्यांचं कडं करायचं. पाचवी चौकट वरच्या चार टोकांना, सहावी खालच्या चार टोकांना. चौकटींच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. हा सांगाडा हातात घेतला की डुलतो, पिळला जातो. मुलांना वाटतं बिघडलं. तसं नसतं. त्याला ताठपणा कागदाने येतो. तांदळाच्या पिठाची खळ शिजवून पतंगाचा कागद ताणून चिकटवायचा, चौकटींना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा, आणि खालची चौकट दिव्यासाठी मोकळी ठेवायची. खळ वाळताना कागद तणावतो आणि कंदील आपल्या आकारात उभा राहतो. खाली झिरमिळ्या लावल्या की झालं. भूमितीचं पुस्तक न उघडता मूल इथे घन आकृती शिकतं.

ज्यांना कागदही नको त्यांच्यासाठी माड आहेच. ओल्या झावळीच्या पात्याच्या भिंगऱ्या, पिपाण्या आणि मनगटावरची घड्याळं वळायला इथली थोरली पोरं धाकट्यांना शिकवतात. अंगणात किल्ला होतो तो जांभ्याचे तुकडे आणि तांबड्या मातीचा. गावाच्या उत्तरेला शास्त्री नदीच्या मुखावर खराखुरा जयगड उभा आहे, त्यामुळे इथल्या मुलांना नमुना शोधावा लागत नाही. उतारावर नाचणी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवळ येते.

या सगळ्याला खर्च जवळजवळ नाही. लागतं ते भात पिकवणारं शेत, आणि नेमकं तेच कमी होत चाललं आहे. माकडं आणि रानडुकरं उभं पीक खातात, कापणीला माणसं मिळत नाहीत, तरुण मुंबई-पुण्याला आहेत, खाचरं पड राहतात. रत्नागिरीजवळ शिरगावच्या संशोधन केंद्राने ‘रत्नागिरी’ नावाच्या भाताच्या जाती दिल्या, त्यांनी उतारा वाढवला. पण लावणारा हातच नसेल तर जात काय करणार? शेत पडलं की पहिल्यांदा लोंबी जाते, तिच्याबरोबर बांधावरचा कुरडू आणि कारीट जातं, मग व्हाईन फरशीखाली जातं. शेवटी दारावर प्लास्टिकचं तोरण येतं आणि मुलांच्या हातांना सणात काहीच काम उरत नाही. मुलं मोबाइलमध्ये रमतात अशी तक्रार करण्याआधी आपण त्यांच्या हातात काय ठेवलं, हे मोठ्यांनी स्वतःला विचारावं.

म्हणून एक विनंती. यंदा दसरा-दिवाळीला गावी जाणार असाल तर मुलांना कापणीच्या दिवसांत घेऊन जा, फराळ तयार झाल्यावर नको. शहरात असाल तर या लेखातली एकच गोष्ट निवडा: एक नवं, एक कंदील, किंवा पातेलंभर दडपे पोहे. ती मुलांना अथपासून इतिपर्यंत स्वतः करू द्या. आणि कोकणात तुमच्या नावावर दोन गुंठ्यांचं का होईना खाचर असेल, तर पुढच्या पावसाळ्यात ते पड ठेवू नका.