आकार ओळखणारी प्रतिपिंडे

लहान बालकांच्या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूवरील लसीची चाचणी १९६६च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन येथे घेण्यात आली. फॉर्मालिनने निष्क्रिय केलेला विषाणू टोचल्यावर बालकांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली. मात्र पुढे खऱ्या विषाणूची लागण होताच लसीकृत बालकांपैकी सुमारे ८० टक्के बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही लस न मिळालेल्या बालकांत हे प्रमाण अवघे ५ टक्के होते. दोन बालके दगावली. प्रतिपिंडे असूनही ती निकामी का ठरली?

प्रतिपिंड शत्रूची अमिनो आम्ले क्रमाने वाचत नाही. ते आकार चाचपते. इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या या रेणूच्या प्रत्येक टोकाशी सहा लहान वेटोळी असतात. त्यांचा खोलगटपणा आणि विद्युतभार समोरच्या पृष्ठभागाशी जुळला, तरच पकड घट्ट बसते. वर्तमानपत्राची घडी घातल्यावर दूरच्या दोन स्तंभांतील शब्द शेजारी येतात. घडी बदलली की ती जोडी मोडते. प्रथिनाच्या साखळीचेही तसेच आहे.

आरएसव्हीचे एफ प्रथिन अशी घडी बदलण्यातच वाकबगार आहे. मुळात ते आखूड, गुबगुबीत आणि दाबलेल्या स्प्रिंगसारखे ताणलेले असते. पेशीशी गाठ पडताच ते सरळ उभे राहते, आपले टोक पेशीच्या आवरणात रुतवते आणि मग केसांच्या आकड्यासारखे दुमडून दोन्ही आवरणे एकत्र खेचते. विषाणूला पेशीचे दार उघडते ते असे. उरलेला लांबट आकार अतिशय स्थिर असतो. त्यातून माघार नाही. केवळ त्या आकारालाच चिकटणारी प्रतिपिंडे म्हणजे वरातीमागून घोडे! आणि ही स्प्रिंग पेशीविना, नुसत्या प्रक्रियेतही सुटते. त्या जुन्या लसीतील एफ प्रथिन बहुतांशी सुटलेल्या अवस्थेत होते. रोगप्रतिकार यंत्रणेची विपरीत प्रतिक्रिया हेही त्या दुर्घटनेचे एक कारण होते.

कोडे सुटायला २०१३ साल उजाडले. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहॅम आणि पीटर क्वाँग यांनी 'डी-२५' या मानवी प्रतिपिंडाने जखडलेल्या एफ प्रथिनाची क्ष-किरणांच्या साहाय्याने रचना उलगडली. हे प्रतिपिंड प्रथिनाच्या माथ्यावरील ज्या जागेला धरते, ती जागा आकार पालटल्यावर उरतच नाही. मग त्याच वर्षी एक जादा बंध घालून आणि आतील पोकळ्या बुजवून प्रथिनाला मूळ रूपातच थोपवण्यात आले. याच तत्त्वावरील लसी २०२३ मध्ये अमेरिकेत ज्येष्ठांसाठी व गर्भवतींसाठी मंजूर झाल्या. डी-२५पासून विकसित केलेले निर्सेव्हिमॅब थेट नवजात बालकांना टोचले जाते.

कोरोनाच्या काटेरी प्रथिनालाही दोन प्रोलिन बसवून असेच थोपवता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होव्हॅक्समध्ये ही युक्ती होती, कोव्हिशिल्डमध्ये नव्हती. तरीही कोव्हिशिल्ड उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे आपल्याच पेशींवर तयार होणारे ते प्रथिन बऱ्याच अंशी मूळ आकारातच राहते. आरएसव्हीचे एफ प्रथिन इतके सोशिक नाही.