मुक्त सॉफ्टवेअर आणि व्यापारी जाहिरात

संगणकाने कोणती कामे कोणत्या क्रमाने करावयाची हे सांगणाऱ्या आज्ञांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. प्रोग्रॅमर ह्या आज्ञा ज्या रूपात लिहितो, त्यास सोर्स कोड अशी संज्ञा आहे. हा सोर्स कोड वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि त्याच्या प्रती इतरांस देण्याची मोकळीक जेथे प्रत्येकास असते, ते मुक्त सॉफ्टवेअर होय. त्यासाठी अनेक लोक स्वेच्छेने, पुष्कळदा वेतनाविना, श्रम करतात. अशा सामाईक कार्यात व्यापारी जाहिरातीस स्थान असावे काय, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८५ मध्ये ते ईमॅक्स ह्या आपल्या मुक्त प्रोग्रॅमच्या टेप १५० डॉलरला विकत होते. लिनक्सच्या १९९१ मधील पहिल्या परवान्यात प्रतींसाठी पैसे घेण्यास मनाई होती; १९९२ मध्ये परवाना बदलून ती उठविण्यात आली. डेबियन प्रकल्पाने १९९७ साली आपले नियम ठरविले, तेव्हा विक्रीस वा धंद्यातील उपयोगास बंदी घालणारा परवाना मुक्त मानावयाचा नाही, असेच त्यांत नमूद केले. इतकेच नव्हे, तर प्रती विकणाऱ्यांची आणि मोबदला घेऊन साहाय्य करणाऱ्या तज्ज्ञांची स्वतंत्र यादीही ह्या प्रकल्पाने प्रसिद्ध केली. म्हणजे व्यापारास येथे मज्जाव नाही. त्यास नेमून दिलेली, उघड जागा आहे.

मग विरोध कशास होतो? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील सॉफ्टवेअरच्या परवान्यात एक अट होती : ह्या सॉफ्टवेअरचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचे ऋण मान्य करणारे वाक्य छापावे. अट दिसावयास साधी होती. परंतु पुढे भर घालणाऱ्या इतरांनीही आपापल्या नावाचे वाक्य जोडले. नेटबीएसडीच्या १९९७ मधील एका आवृत्तीत स्टॉलमन ह्यांना अशी ७५ वाक्ये आढळली. अखेर १९९९ मध्ये विद्यापीठाने ही अट रद्द केली. सामाईक वस्तूवर प्रत्येकाने आपली पाटी लावली, तर वस्तूच झाकली जाते.

२०१२ सालचे उदाहरण अधिक गंभीर आहे. उबंटू ह्या प्रणालीत मनुष्य स्वतःच्या संगणकावरील एखादी फाइल शोधू लागला, की त्याने टंकलेले शब्द कॅनॉनिकल ह्या कंपनीकडे जात आणि पडद्यावर ॲमेझॉनवरील विक्रीच्या वस्तूही दिसत. खरेदी झाल्यास कंपनीस दलाली मिळे. स्टॉलमन आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्यांनी त्यावर कठोर टीका केली. २०१६ च्या आवृत्तीपासून ही सोय, वापरणाऱ्याने मुद्दाम सुरू केल्याखेरीज, बंद राहू लागली.

तथापि दुसरी बाजूही न्याय्य आहे. हार्टब्लीड हा दोष २०१४ मध्ये उघडकीस आला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्यावर अवलंबून होती त्या ओपनएसएसएल प्रकल्पास वर्षाकाठी सुमारे २००० डॉलरच्याच देणग्या मिळत होत्या, असे दिसून आले. २०१९ मध्ये स्टँडर्ड नावाचे मुक्त साधन संगणकावर बसविताना पडद्यावर जाहिरात उमटू लागली. निर्वाहासाठी उत्पन्न मिळविणे हाच तिचा हेतू होता. परंतु निषेध इतका झाला की हा प्रयोग थोड्याच दिवसांत थांबवावा लागला.

ह्या उदाहरणांवरून एक कसोटी हाती येते. बोलणारा कोण, त्यात त्याचा लाभ कोणता, हे उघड आहे काय? ऐकणाऱ्यास नको म्हणता येते काय? आणि लाभाचा काही अंश मूळ कार्याकडे परततो काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर जाहिरात सामाईक कार्यास पोषकच ठरते. ते नकारार्थी असेल, तर जे खर्ची पडते ते द्रव्य नसून परस्परविश्वास असतो. आणि वेतनाविना काम करणारी माणसे ह्या विश्वासावरच एकत्र आलेली असतात.