बरणीतला प्रार्थना कीटक

शिवारफेरीला निघालो की माझ्या पिशवीत काचेची एक बरणी असते. तिच्यात प्रार्थना कीटक. पुढचे दोन पाय जोडून बसतो म्हणून हे नाव. खरे तर ते दबा धरणे आहे. आपल्याकडे बरेच जण त्याला नाकतोडा समजून चिरडतात. नाकतोडा पाला खातो, हा पाल्याला तोंडही लावत नाही. अळ्या, पतंग, माश्या हे याचे खाद्य. “साहेब, हा तर मान वळवून बघतो!” असे शाळेतली पोरे ओरडतात. तीच त्याची खूण.

मागे एकदा पऱ्हाटीच्या काडीवर त्याचा अंडकोष सापडला, वाळलेल्या फेसाच्या गोळ्यासारखा. मी तो बाटलीत ठेवला आणि दौऱ्याच्या गडबडीत विसरलो. चार दिवसांनी पाहतो तर पिल्ले निघालेली आणि एकमेकांना खाऊन मोजकीच उरलेली. चूक माझीच. एका कोषातून पिल्ले एकदम, कधी शंभरावर निघतात आणि भूक लागली की भावंडालाही सोडत नाहीत.

म्हणून एका बरणीत एकच ठेवावा. तोंडाला झाकण नको, जाळीदार कापड बांधावे. बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, कारण कात टाकताना तो उलटा लटकतो; जागा अपुरी पडली तर पाय वाकडे होतात. आत एक काडी उभी करावी, रोज पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. पिल्लांना सडक्या केळावरची चिलटे, मोठ्याला माश्या, नाकतोडे. फवारलेल्या शेतातला किडा चुकूनही घालू नका. कात टाकण्याआधी तो खाणे सोडतो, तेव्हा आतले जिवंत भक्ष्य काढून घ्यावे, नाहीतर तेच त्याला कुरतडते.

“मग फवारणी वाचेल का हो?” असे एका काकांनी चावडीवर विचारले. नाही, तशी हमी मी देणार नाही. तो मधमाशी आणि ढालकिडाही खातो, त्याला आपला-परका कळत नाही.

मात्र गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाट्या काढाल, त्या काढायच्याच, तेव्हा काड्यांवर नजर टाका. कोष दिसला तर तेवढा तुकडा कापून बांधावरच्या झुडपाला सुतळीने बांधा. कोषाला बारीक गोल भोके दिसली तर समजा, परजीवी गांधीलमाशी आधीच येऊन गेली.

माझ्या बरणीतला आता पंखांवर आला आहे. या आठवड्यात त्याला बांधावर सोडणार आहे.