डेस्कटॉपची मांडणी आणि क्लाऊडमधील फाइलींचे व्यवस्थापन

प्रस्तुत लेखात विंडोज ११ या संगणकप्रणालीतील डेस्कटॉप आणि वनड्राइव्ह ही क्लाऊड सेवा यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे. डेस्कटॉपवरील चित्र, टास्कबार किंवा चिन्हांचा आकार बदलणे हा सोयीचा व आवडीचा भाग होय. त्याने फाइलींना धक्का लागत नाही. वनड्राइव्हमधील फोल्डर बॅकअपची गोष्ट मात्र निराळी आहे. तो सुरू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स ही फोल्डर मूळ जागेवरून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात. पडद्यावर सारे पूर्वीसारखेच दिसत असल्याने हे स्थलांतर सहसा ध्यानात येत नाही.

येथे 'बॅकअप' ही संज्ञाच दिशाभूल करणारी आहे. बॅकअप म्हणजे मूळ प्रतीपासून अलग ठेवलेली दुसरी प्रत. येथे घडते ते समक्रमण, म्हणजे सर्व ठिकाणच्या प्रती सतत एकसारख्या ठेवणे. परिणामी घरच्या संगणकावरून शोधनिबंधाचा मसुदा पुसला, तर तो क्लाऊडमधून आणि विभागातील संगणकावरूनही नाहीसा होतो. तो वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमधून परत मिळतो; परंतु वैयक्तिक खात्यात ३० दिवस आणि संस्थेच्या खात्यात सामान्यतः ९३ दिवस, एवढीच ही मुदत असते.

डिस्कवरील जागा मोकळी करण्यासाठी फाइल पुसण्याची गरज नसते. २०१७ साली आलेल्या 'फाइल्स ऑन-डिमांड' या सुविधेमुळे उजव्या क्लिकनंतर 'फ्री अप स्पेस' निवडल्यास फाइल क्लाऊडमध्ये राहते व संगणकावर तिचे केवळ नाव उरते. अशा फाइलीपुढे निळा ढग दिसतो, आणि इंटरनेट नसलेल्या वर्गात ती उघडत नाही. म्हणून व्याख्यानाच्या स्लाइड्सवर आदल्या दिवशीच 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' हा पर्याय लावावा. भरीव हिरव्या वर्तुळातील पांढरी खूण दिसली की प्रत संगणकावर आली असे समजावे.

संस्थेचे खाते संस्थेच्या नियंत्रणात असते, हेही प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे. सेवानिवृत्तीनंतर किंवा नोकरी सोडल्यावर ते बंद झाले, तर त्यातील संशोधनसामग्रीही हाती राहत नाही. प्रबंध, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, नॅकसाठीची कागदपत्रे यांची एक प्रत बाह्य हार्डडिस्कवर ठेवावी आणि प्रत घेतल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.