कुत्र्यांस होणारा मधुमेह : ओळख व निगा

शेतकऱ्याच्या घरीं पोळ्याला बैलाची पूजा होते, वसुबारसेला गाईची होते. परंतु धानाच्या बांधीवर रात्रभर रानडुकरांवर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या प्रकृतीकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. तें खंगूं लागलें तर "म्हातारें झालें" एवढें बोलून आपण मोकळे होतों. या उपेक्षेंत प्रस्तुत लेखकही सामील होता. त्यापायीं जो अनुभव आला तो शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडावा, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

भंडाऱ्याचा वैशाख कसा असतो, हें येथील लोकांस सांगावयास नको. दोन वर्षांपूर्वीं त्या उन्हांत आमची चंपी नांवाची नऊ वर्षांची कुत्री सारखी पाणी पिऊं लागली. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून कोणास नवल वाटलें नाहीं. पुढें ती रात्रीं ओसरीवरच लघवी करूं लागली. आजवर कधीं असें न करणाऱ्या त्या जनावरास मीं दटाविलें. आणि याहून वाईट म्हणजे, सायंकाळनंतर तिच्या पाण्याचें भांडें मी उचलून ठेवूं लागलों. तिचें खाणें वाढलें होतें, तरी बरगड्या दिसूं लागल्या होत्या. एके सकाळीं ओसरीवरील डागाला मुंग्यांची रांग लागलेली माझ्या पत्नीनें पाहिली. ती म्हणाली, "अहो, मामंजींच्या वेळीं मोरींत अशाच मुंग्या लागत होत्या." माझ्या वडिलांस मधुमेह होता. त्याच दिवशीं चंपीला पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेलें, तों तिच्या रक्तांतील साखर ४०० च्या वर निघाली.

रोगाचें स्वरूप.— जठराजवळ स्वादुपिंड नांवाचें इंद्रिय आहे. त्यांतून इन्सुलिन नांवाचा रस रक्तांत मिसळतो. अन्नापासून झालेली साखर शरीराच्या पेशींत शिरण्यास हा रस लागतो. तो मिळाला नाहीं म्हणजे साखर रक्तांत सांचते आणि पेशी उपाशी राहतात. कुत्र्याच्या रक्तांतील साखर दर डेसिलिटरला सुमारें १८० ते २२० मिलिग्रॅमच्या वर गेली कीं, मूत्रपिंडांस ती अडवितां येत नाहीं. ती लघवीवाटे जातांना आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. तात्पर्य, पाणी फार पितें म्हणून लघवी फार होते असें नव्हे, तर लघवी फार होते म्हणून तहान लागते. हें डॉक्टरांनीं समजावून दिलें, तेव्हां माझी चूक माझ्या ध्यानांत आली. पाणी बंद केल्यानें लघवी थांबत नाहीं. जनावर मात्र सुकून मरूं शकतें. अशा कुत्र्यासमोर पाण्याचें भांडें रात्रंदिवस भरलेलें असावें.

लघवीला मुंग्या लागण्याची खूण पुरातन असून चरकसंहितेंतही तिचा उल्लेख आहे. या रोगाचें अर्वाचीन ज्ञान मात्र कुत्र्यांमुळेंच मिळालें. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्यास मधुमेह जडला. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळविलें, व जानेवारी १९२२ मध्यें तेथेंच मधुमेहानें आजारी असलेल्या एका मुलास तें टोचण्यांत आलें. जें औषध आज घरोघरीं माणसांस जगवितें, त्यासाठीं कुत्र्यांनीं आपले प्राण दिले आहेत.

लक्षणें.— मुख्य लक्षणें चार : तहान वाढणें, लघवी वाढणें, भूक वाढणें, आणि असें असूनही वजन घटणें. रोग बहुधा सात वर्षांवरील जनावरांत दिसतो. ज्यांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली नाहीं अशा कुत्रींस, विशेषतः माज येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यांत, त्याचें भय अधिक. पुष्कळांच्या डोळ्यांत लवकरच मोतीबिंदू होतो.

संशय आल्यास पाणी मोजावें. सकाळीं मोजून भरावें, दुसऱ्या सकाळीं उरलेलें मोजावें. असें तीन दिवस करावें. दर किलो वजनास दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्यानें दीड लिटरहून अधिक प्यालें, तर तपासणी अवश्य करावी. लघवींतील साखर दाखविणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानीं मिळतात. तथापि मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भाशयांत पू होणें यांतही तहान वाढते; म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करवावें. आपल्या तालुक्यांत सोय नसल्यास नागपूर येथील १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय भंडाऱ्यापासून सुमारें साठ किलोमीटरवर आहे.

उपचार.— माणसांस देतात त्या मधुमेहाच्या गोळ्या कुत्र्यांस उपयोगी पडत नाहींत. बहुतेक सर्व कुत्र्यांस इन्सुलिनच टोचावें लागतें, तें दिवसांतून दोनदां, बारा तासांच्या अंतरानें. मात्रा डॉक्टरांनीं ठरवावी. आधीं खाऊं घालावें, मग मानेच्या मागील किंवा कुशीवरील कातडी चिमटींत धरून सुई टोचावी. आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० एककांच्या व १०० एककांच्या अशा दोन्ही कुप्या मिळतात. ज्या मापाची कुपी त्याच मापाची सिरिंज घ्यावी. यांत घोटाळा झाल्यास प्राणावर बेतेल. कुपी फ्रीजमध्यें ठेवावी, पण गोठूं देऊं नये.

अन्न रोज एकाच वेळीं, एकाच मापानें द्यावें. गूळ, पेढा, बिस्किटें, सणाचें गोडधोड वर्ज्य करावें. खाजेवर देण्यांत येणारीं स्टेरॉइडचीं औषधें साखर वाढवितात. म्हणून नव्या डॉक्टरांस मधुमेहाची गोष्ट प्रथम सांगावी. कुत्रीची नसबंदी करून घेतल्यास साखर आटोक्यांत राहण्यास मदत होते.

धोक्याच्या वेळा.— इन्सुलिन अधिक झालें तर साखर एकाएकीं उतरते. कुत्रें थरथरतें, झोकांड्या खातें, झटके येतात. अशा वेळीं मध किंवा साखरेचा पाक हिरड्यांस चोळावा व तत्काळ डॉक्टर गांठावा. बेशुद्ध जनावराच्या घशांत कांहीं ओतूं नये. कुत्रें जेवलें नाहीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून नेहमींची पुरी मात्रा टोचूं नये. उलट, उपचार न झालेलें कुत्रें खाणें सोडून ओकूं लागलें व निपचित पडलें, तर एक रात्रही थांबूं नये.

नोंदवही.— सारा जन्म तहसील कचेरींत रकाने भरण्यांत गेला. ती संवय येथें कामास आली. तारीख, किती पाणी प्यालें, किती खाल्लें, किती एकक टोचलें, वजन, व शेरा, असे सहा रकाने मीं आंखले. डॉक्टर दर खेपेस ही वही पाहूनच मात्रा कमीजास्त करितात. "बरी आहे" या आपल्या बोलण्यावरून त्यांस कांहीं कळत नाहीं, आकड्यांवरून कळतें.

या उपचारास खर्च आहे आणि तो जन्मभराचा आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. घरांतील कोणीतरी सकाळ-सायंकाळ बांधलें जातें. ज्यास हें झेपणार नाहीं त्यानेंही डॉक्टरांशीं मोकळेपणीं बोलावें; जनावर तहानेनें तळमळत ठेवण्याचा मार्ग मात्र कोणी पत्करूं नये.

चंपीचे दोन्ही डोळे गेले. आतां ती बांधीवर जात नाहीं. परंतु सकाळीं सहाला फ्रीजचें दार वाजलें कीं, भिंतीच्या कडेनें चालत येऊन माझ्यापुढें मान खालीं करून उभी राहते. मीं पाण्याचें भांडें उचललें होतें, त्याचा तिनें राग धरलेला नाहीं. माझ्या मनांतून मात्र तें जात नाहीं. आपल्या ओसरीवरील भांडें वारंवार रिकामें होत असेल, तर बंधूंनो, उन्हाळ्याला दोष देण्यापूर्वीं एकदां पाणी मोजून पाहावें, इतकीच विनंती.