अणुभट्टीची विश्रांति

चूल विझविली म्हणजे निवते. अणुभट्टीचें तसें नाहीं. तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या दोन भट्ट्यांची रचनाच अशी, कीं इंधन बदलावयाचें तर भट्टी थांबवावी लागते. नियंत्रक दांडे आंत सरकतांच युरेनियमची विघटन-साखळी तुटते. परंतु विघटनांतून निर्माण झालेलीं द्रव्यें उष्णता व किरण सोडीतच राहतात. प्रारंभीं ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारें ६ टक्के असते. म्हणून भट्टीचें झांकण काढल्यावर वरची पोकळी पाण्यानें भरतात आणि जुन्या इंधनाच्या जुड्या पाण्याखालूनच शेजारच्या कुंडांत नेतात. तेंच पाणी उष्णता शोषितें व कामगारांस किरणांपासून राखितें. याच अवधींत झडपा, पंप, नळ तपासतात. ज्याच्या किरणमापकाची नोंद मर्यादेजवळ येते, त्यास दुसऱ्या कामावर धाडतात. थांबलेली भट्टी म्हणजे निवालेली भट्टी नव्हे.